कणगीतल्या माणसाला दिलेलं अभय

शाबान, चंद्राची सहावी
नदीकाठची गढी, फारसी मुलूख

उमैमा वहिनी,

दिराचा सलाम. अल्लाहच्या कृपेने अब्बा, तुझा भाऊ वाकिद आणि मी, तिघेही धडधाकट आहोत. अक्षरं वेडीवाकडी वाटली तर दोष गुरूचा. शिकवलीस तूच, आणि मी अर्ध्यावर पळालो तेव्हा धरून आणलं नाहीस.

गढी पडली हे तुला कूफ्यात कळलं असेलच. इथल्या खरबुजांचं मात्र निरोप्याने सांगितलं नसेल. एक कापलं की शेजारच्या गल्लीपर्यंत वास जातो. आणि गाढवं पांढरी, वहिनी, शेळीच्या दुधासारखी.

दादा गेल्यावरचे तुझे शोकाचे महिने अजून सरले नसतील. घराबाहेर पाऊल नाही, डोळ्यांत सुरमा नाही. ते कसं असतं हे मला आता थोडं कळतंय. मीही एका उंबरठ्यावर बसून आहे. उठायची सोय नाही. मी! ज्याला नमाजाची रांग सरळ होईपर्यंत धीर धरवत नाही तो.

सांगतो. पण आधी अब्बांचं. तळावर सगळे त्यांना अजून ‘अबू सलीत’च म्हणतात. दुसरं काय म्हणणार? थोरल्याच्या नावानेच बापाला हाक मारायची, सलीतचा बाप. पाणी आणू का, अबू सलीत? घोडा कसू का, अबू सलीत? दर हाकेला त्यांची मान किंचित मागे वळते, जणू दादा मागे उभा आहे.

तर, दरवाजा फुटला त्या दिवशी सगळे सरळ बाजाराकडे गेले. मला वाटेत पाणचक्की दिसली. चाक फिरतं कसं ते बघायला आत शिरलो. कोपऱ्यातली कणगी हलली. झाकण काढलं तर आत एक माणूस, पिठाने नखशिखांत पांढरा. दात वाजत होते त्याचे. तांड्यांबरोबर भटकताना फारसी बोलीतली दोन-चार वाक्यं मी उचलली होती. त्यातलं एक बोललो, ‘भिऊ नकोस.’

एवढंच. पण आपल्यात एवढंच पुरतं, तुला ठाऊक आहे. लढाईत शत्रूला ‘भिऊ नकोस’ म्हटलं की ते अभय झालं, अख्ख्या फौजेचं.

तो बाहेर आला. डोकं झटकलं. पीठ उडालं आणि खालून लाल पटका निघाला.

बुरुजावरचा लाल पटका कोण ओळखत नाही? दादा पडला तेव्हा मी शेजारीच होतो. बाण कोणी सोडला ते मीच बोटाने सगळ्यांना दाखवलं होतं.

तेवढ्यात अब्बा आणि वाकिद मला शोधत आले. ‘याला उंट शोधायला पाठवा, शत्रू घेऊन येतो!’ वाकिद हसत म्हणाला. मग त्यालाही पटका दिसला. तलवार बाहेर आली.

‘थांब, मी अभय दिलंय.’

‘कोणी ऐकलं?’

‘मी बोललो की!’

‘तू दिवसभर बोलतोस रे! ऐकलं कोणी? कोणी नाही ना? मग तू बोललाच नाहीस.’

अब्बा दारात उभे होते. ‘नीट आठव,’ ते म्हणाले. ‘बोललास?’

वहिनी, ज्यांनी पैगंबरांच्या शेजारी उभं राहून लढाया केल्या, ज्यांनी माझं एक खोटं जन्मात खपवून घेतलं नाही, त्यांचे डोळे मला सांगत होते, नाही म्हण.

‘बोललो,’ मी म्हणालो.

त्यांनी नजर वळवली. मग म्हणाले, ‘आपल्यातल्या सर्वांत लहानाचा शब्दही सगळ्यांना बांधतो. शब्द तुझा, राखणही तुझी. फौज पुढे निघेपर्यंत या दारातून हलायचं नाही.’ बाहेरून कोणीतरी हाक मारली, ‘अबू सलीत!’ ते गेले.

त्याचं नाव माहदाद, चक्की त्याचीच. त्याची बायको मला भाकरी देते. दादाला मारणाऱ्याच्या घरचं पीठ. भूक लागते, खातो.

वाकिद रोज समोर येऊन बसतो. शिवी देत नाही, हात उचलत नाही. म्हणतो, ‘नदीपलीकडे घोड्यांची शर्यत लागलीय. एक चक्कर मारून ये. तुला कोण बोलणार? तू कधी कुठे टिकलायस?’

खरंच आहे. मला शब्द मोडायलाही नको. नुसतं उठून शर्यत बघायला जायचं. परत येईपर्यंत उरकलेलं असेल, आणि लोक म्हणतील, जुंदबच तो! अब्बाही तेच म्हणतील, आणि कदाचित त्यांना झोप लागेल. काल मी अर्धा उठलो होतो, वहिनी. माहदादने आतून पाहिलं. जातं थांबलं.

परत बसलो.

तूही मनातून हेच मागत असशील. म्हणून दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको, मीच सांगतो. मी उठणार नाही. वाकिद माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. त्याला घरी बोलावून घे. नाही बोलावलंस तरी माझा राग नाही. फक्त एवढं जाणून अस, की आत जायला त्याला आधी मला ओलांडावं लागेल.

तुझ्या नवऱ्याचा भाऊ,
आणि माहदादचा जामीन,
जुंदब