बलाचानचं गाडगं

९ मार्च १९७१

...आधी नळावरून दोन बादल्या. मग वऱ्हांडा झाडायचा. घासलेटचा स्टो पेटवायचा. नारळ खवून त्याचं दूध पिळायचं, तांदूळ त्याच दुधात शिजत घालायचे. तोवर मिरच्या वाटायच्या आणि त्यात बोटाच्या पेराएवढं बलाचान भाजून घालायचं. केळीच्या पानात सगळ्याचा पुडा बांधायचा. सहाला हे सेंतुलच्या रेल्वे कारखान्यात निघाले की पुडा हातात द्यायचा. क्वालालंपूरला बारा वर्षं रोजची सकाळ अशी. ही कधी आठवत बसावी लागेल असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही.

आज ऊन आल्यावर पडवीत बलाचानचं गाडगं बघायला गेले, तर जागा रिकामी! गाडगं उकिरड्यावर, फुटलेलं. कुत्र्यांनी आत तोंडं घातलेली. जवळा मीठ लावून वाळवला, कुटला, परत वाळवला, परत कुटला. तीन आठवडे! तिकडं त्याला बलाचान म्हणतात. वास उग्र असतो, मान्य. पण तो भाजेपर्यंतच.

जाऊबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. मी विचारलं, कुणी टाकलं?

"कुनी का टाकंना, त्याचं भलं हुईल! नाकातलं क्यास जळाय लागलं हुतं."

आणि हसल्या. परवाच म्हणाल्या होत्या, ही घाण घरात ठिवशील तर फेकून दीन. आता वेगळा पुरावा कशाला?

हे हसणं मी इथं लिहून ठेवते.

१० मार्च

राग उतरत नाही. कुणी म्हणेल, एका गाडग्यापायी एवढं! पण ते गाडगं जमायला अडीच वर्षं लागली.

हे लढाईत तिकडं गेले आणि तिकडंच रेल्वेत चिकटले. अडुसष्ट साली वारले — दवाखान्यात, सात दिवसांत. मी आणि लेक कुमुद एका ट्रंकेसह परत भाटघरला आलो. इथं सगळं होतं, पण मला गिळवेल असं काही नव्हतं.

मग एकेक सापडत गेलं. गवती चहा मास्तरांच्या परसात होता. इथं तो चहात घालतात, तिकडं कालवणात. एक मुळी हवी होती, ती भोरच्या दुकानात कुलिंजन म्हणून मिळाली. दुकानदार म्हणाला, "घसा बसलाय का बाई? गाणं म्हणता?" भातात घालायचं एक वासाचं पान मात्र कुठंच मिळेना. मग एकदा वेल्ह्याच्या वाटेवर कुणाच्या तरी घरात आंबेमोहोर शिजत होता. मी रस्त्यातच उभी राहिले. तोच वास! बारा वर्षं जो तिकडच्या पानात हुंगला, तो आमच्याच मावळातल्या तांदळात.

राहिला जवळा. तो महाडकडून वरंध घाटानं साळूबाई आणते. तिला म्हटलं, बारीक दे, आणि जरा ओलसर दे.

"वलसर? आवो, लोक वाळल्याला मागत्यात आनि तुमी कुजका मागताय!"

हसली. पण पुढच्या बाजाराला आणला. कशाला हवा, हे विचारणारी तीच एकटी.

यांचा आवाज आता मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण तिखट लागलं की डोळे मिटून "स्स" करायचे आणि पान परत पुढं सारायचे. वाटलं होतं, तो घास तोंडात गेला की तेवढं तरी परत येईल. तो घास कुत्र्यांनी खाल्ला.

१२ मार्च

होळी. जाऊबाईंच्या तीन पोळ्या तव्यावर फुटल्या. बरं वाटलं. पण एवढ्यानं भागत नाही.

१७ मार्च

जाऊबाईंची थोरली, कला, तिला बघायला वरवे बुद्रुकची माणसं आली. मुलगा, त्याचा बाप आणि आत्या अक्काबाई. घरात सगळं त्यांचंच चालतं असं दिसलं.

सकाळी जाऊबाई माझ्याजवळ आल्या. आवाज एकदम मऊ.

"सगुणा, तो तुझा नारळाचा भात कर की. पावनी लांबची हायती. पर ती घान घालू नगंस हं!"

घालायला ठेवलीय कुठं?

केला. आंबेमोहोर, नारळाचं दूध, गवती चहाची गाठ. सांबलाशिवाय, म्हणजे बलाचान घातलेल्या मिरच्यांच्या वाटणाशिवाय, तो भात माझ्यासारखाच — बिनकुंकवाचा. तरी पाहुण्यांनी दोनदा मागून घेतला. अक्काबाई म्हणाल्या, "असला भात आमच्याकडं कुनाला येत न्हाई. कुनी केला?"

"आमच्या कलानं!" जाऊबाई म्हणाल्या. मी दाराआड उभी होते, तरी म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर कला माझ्याकडं आली. "काकी, भात तुमचा आनि नाव माझं. मला लई लाज वाटली." मी तिच्याकडं पाठ केली. तिच्या आईचं तोंड तिच्या तोंडावर दिसत होतं.

२१ मार्च

आपल्याकडची रीत आहे. मुलगी पसंत पडली की मुलाकडची बाई त्या घरातल्या धाकट्या जावेला एकटीला गाठते. आई झाकणार, बाप झाकणार. धाकटी जाऊ खरं ते सांगणार.

भोरच्या बाजारात अक्काबाईंनी मला गाठलं. साळूबाईच्या पाटीशी मी उभी होते. बाजूला नेलं, पदर तोंडाशी धरला.

"बाई, तुमीबी एका लेकीची आई. खरं सांगा, पोरीत काय खोड?"

मला उकिरडा दिसला. ते हसणं ऐकू आलं.

म्हणाले, "पोर गुणाची आहे. फक्त अमावास्येला फेफरं येतं."

अक्काबाईंनी माझा हात दाबला. "लई उपकार झालं बाई तुमचं!"

घरी येताना पाय हलके पडत होते.

२२ मार्च

खोटं बोलून आले, तरी रात्री गाढ झोपले. लिहून ठेवते.

२६ मार्च

वरव्याहून निरोप आला — योग नाही. कारण सांगितलं नाही. थोरले भाऊजी, रखमाजी, ओसरीवर बसून राहिले. विडीसुद्धा पेटवली नाही. जाऊबाईंनी पदरात तोंड घालून रडून घेतलं. "कुनाची नजर लागली गं माज्या पोरीला!"

मी दोन भाकरी खाल्ल्या. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

२९ मार्च

बोलणं पसरलं. नसरापूरच्या एका स्थळानंही पाय मागं घेतला. पाणवठ्यावर कुणीतरी कलाला विचारलं, आज अमावास्या नाही ना गं? ती कळशी तिथंच टाकून घरी आली. जेवत नाही. जाऊबाई भिंतीकडं तोंड करून निजलेल्या.

मला वाटलं होतं, हे बघताना मजा येईल. परवापर्यंत आलीही. खोटं कशाला लिहू?

३० मार्च

दुपारी कुमुद शाळेतून आली. दप्तर खाली ठेवलं नाही. तशीच उभी.

"आई, तू चुलतीशी बोलत न्हाईस, ते गाडग्यामुळं व्हय?"

म्हटलं, हो.

"त्यांनी न्हाई टाकलं. म्या टाकलं."

मला कळेना. ती भराभर बोलत सुटली. माझ्या झंपराला वास मारतो. पोरी नाक धरतात. मलायाहून आली म्हणून मला मलाई म्हणतात. बाईंनी मला शेवटच्या रांगेत बसवलं. "मला हितलीच व्हायचंय, आई. ते तिकडचं मला आठवायचंबी न्हाई. आनि तू रोज त्याचाच वास घरात आनतीस!"

मी हात उगारला. खाली आला नाही.

यांची लेक. तेरा वर्षांची. तिच्याही अंगाला तो वास येत होता आणि मला त्याचं सुखच वाटत होतं. तिला कधी विचारलं नाही. जाऊबाईंनाही परत विचारलं नाही. त्यांनी टाकलेलं असावं, हेच मला हवं होतं.

ती बाहेर गेल्यावर कला आली. विचारायला लागली, काकी, कुमुद का रडतीय?

३१ मार्च

सकाळच्या एसटीनं वरव्याला गेले. अक्काबाई गोठा झाडत होत्या. त्यांच्या दारात उभी राहून सांगितलं, कलाला काही होत नाही, मी खोटं बोलले. त्यांनी खराटा खाली टाकला. मग म्हणाल्या, "ह्ये तिच्या आईच्या तोंडावर सांगशील?"

त्यांना घेऊनच घरी आले.