लवंगीनं धुरा ओलांडला

२ जानेवारी

डोळे उघडले! सहाच्या सहा पिल्लांचे. कालपर्यंत चाचपडत दूध शोधत होती, आज लवंगीकडेच बघून गुरगुरतात. आपल्या आईवर! मी ओट्यावर येऊन कमलाला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "नातू झाला तवा बी इतके नाचले नाई तुमी." आपल्याला अजून नातू झालेलाच नाही, अंकितचं लग्न व्हायचं आहे – हे मी तिला सांगितलं. "म्हणूनच त म्हणून राह्यली," म्हणे.

लवंगीला कॅल्शियमची नवी, छोटी काचेची बाटली सुरू केली. झाकणभर सकाळी, झाकणभर संध्याकाळी. बाटलीवर पेनानं तसं लिहूनही ठेवलं, कारण या घरात माझ्याशिवाय कुणाच्या काही लक्षात राहत नाही.

४ जानेवारी

आर्वीहून एक जण मोटारसायकलवर आला. पिल्लू पाहिजे. बसल्या बसल्या पहिला प्रश्न – "काका, ससा धरते का?" त्याला चहा न पाजता वाटेला लावला. कमला चिडली, चहा झालेला होता म्हणे. तो मी प्यालो.

एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. फुकट्या प्रवासी आणि शिकारी गिऱ्हाईक, दोघंही मला तोंडावरून ओळखू येतात. माझा कुत्रा धरत नाही, हाकलतो. रानडुक्कर असो, रोही म्हणजे नीलगाय असो – वावरातून काढायचं, धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत पोचवायचं आणि धुऱ्यावर थांबायचं. पुढे एक पाऊलही नाही. पलीकडे दुसऱ्याचं वावर, त्यापुढे बोर अभयारण्याचं जंगल. दुसऱ्यानं आपल्या पिकात कुठली तार सोडली असेल, काय सांगावं? हिंगणीकडचे तीन चांगले कुत्रे अशाच करंटानं गेले आहेत.

हे शिकवायला चार महिने लागतात. रोज उजाडताना लांब दोर बांधून धुऱ्याच्या कडेकडेनं फिरवायचं. एक शिट्टी – थांब. दोन शिट्ट्या – चल. आमच्या एस.टी.च्या घंटीसारखंच! भाकरीचा तुकडा नेहमी धुऱ्याच्या आत. बाहेर कधीच काही द्यायचं नाही, शाबासकीसुद्धा नाही. लवंगी हे अडीच महिन्यांत शिकली. बाप कारवानी जातीचा, लातूरकडच्या एका ट्रकवाल्याचा. आई आपल्या गावची. बापाचे पाय आणि आईची अक्कल. पाच वर्षांत तिनं एकदाही धुरा ओलांडला नाही. एकदाही नाही!

८ जानेवारी

बंड्याला डुकरानं फाडलं. मांडीवर नऊ टाके. हा लवंगीच्या पहिल्या वेतातला, दीड वर्षाचा. अंगात मस्ती फार, मागं सरायचं कळत नाही. गुरांच्या डॉक्टरनं दहा दिवस बांधून ठेवायला सांगितलं. लवंगी बाळंतीण. म्हणजे हरभरा घाट्यावर आलेला, तूर वाळायला लागलेली, आणि वावरात कुत्रा नाही!

कमला म्हणाली, "अख्खं गाव तार लावते. आपनच कुत्रे पोसत बसलो." मी म्हणालो, या घरात तो शब्दसुद्धा काढायचा नाही. पोरगा वनरक्षक व्हायला निघाला आहे आणि बापाच्या वावरात करंट? अंकित खाली मान घालून जेवत होता. पळण्याची परीक्षा झाली, यादीत नाव आलं, आता फक्त ऑर्डर यायची आहे. नंतर म्हणाला, "बाबा, चार-पाच दिवस मी जातो जागलीले." डबा आणि फटाके घेऊन रात्री वावर राखायला गेला. चांगला पोरगा आहे.

११ जानेवारी

लवंगी मेली.

१२ जानेवारी

काल लिहिता आलं नाही.

काल सकाळी लवंगीचा दोर कुरतडलेला दिसला. पिल्लं कोकलत होती. मला वाटलं, गेली असेल सवयीनं वावराकडे, येईल. तेवढ्यात सदाशिवराव दारात. आमच्या धुऱ्याला लागून त्यांचं वावर. सहा वर्षांपूर्वी मोजणीत हातभर जमिनीवरून भांडण झालं, तेव्हापासून ते माझ्या ओट्यावर चढले नव्हते. पायरीखालीच उभे राहिले. टोपी हातात.

"प्रेमदासभाऊ, तुमची कुत्री माह्या हरभऱ्यात पडून आहे. मी तार लावलती. मले माफ करजा."

पळत गेलो. धुऱ्याच्या पलीकडे चांगली तीस पावलं आत, त्यांच्या हरभऱ्यात आडवी. बाजूला तारेचं भेंडोळं. पुढच्या पंजावर काळा डाग. डोळे उघडे. अंकित तिच्याजवळ उकिडवा बसला होता, चेहरा राखेसारखा. मी लवंगीला हात लावला तर लाकडासारखी. घळाघळा रडलो. साठी उलटलेला माणूस, कुत्रीसाठी, सदाशिवरावांसमोर! असो. रडलो.

पण रडताना डोक्यात एकच – ही इथे कशी? धुरा तिथे, ही इथे! पाच वर्षं जिनं ती रेघ पाळली, ती कशी काय पलीकडे गेली?

१३ जानेवारी

ठाण्यात तक्रार देऊन आलो. कमला नको म्हणत होती – "शेजार हाय, उद्या तोंड पाहाव लागन." अंकित तर फाटकापर्यंत मागे आला, "बाबा, राहू द्या ना. गेली ते गेली." मला त्याचा राग आला. गेली ते गेली? तीन आठवड्यांची सहा पिल्लं मागे टाकून गेली!

सदाशिवरावांनी तिथेही हो म्हटलं. तार माझी, चूक माझी. हवालदारसुद्धा बघत राहिला. म्हणाला, सगळे नाही म्हणतात, हा पहिला भेटला.

१४ जानेवारी

संक्रांत. गोड कुणालाच गेलं नाही.

पिल्लांना शेळीचं दूध. दर तीन तासांनी, कोमट, ड्रॉपरनं. घाई केली की नाकात जातं. पाजून झालं की ओल्या कापसानं पोट पुसायचं, आई जिभेनं पुसते तसं. पाच पितात. सहावी, सगळ्यात बारकी, तोंड फिरवते. तिला लवंगीचाच वास पाहिजे. लवंगीचं पोतं धुवायला काढलं होतं, ते तसंच परत आणून अंथरलं.

१६ जानेवारी

बारकी गेली. अंकितच्या हातात गेली. तो उठून मागच्या अंगणात गेला तो दुपारपर्यंत आत आलाच नाही. इतका जीव होता याचा कुत्र्यांवर, मला कधी कळलं नाही.

१८ जानेवारी

पिल्लं ज्यांनी सांगून ठेवली होती, त्या सगळ्यांना फोन करून नाही म्हटलं. आष्टीच्या जंगूलाही. जंगू माझा जुना माणूस. त्यानं आधी दोन कुत्रे नेले आहेत, त्याचं सगळं वावर त्यांच्या भरवशावर. म्हणाला, "काऊन गा प्रेमदासभाऊ, पिल्लं बिमार हायत का?" मी खरं सांगितलं. माझी लवंगी धुरा ओलांडून मेली. माझ्या शिकवणीत खोट आहे. तुझ्याकडच्या दोघांवरही डोळे मिटून विसंबू नको.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊ, माहे कुत्रे त नाई वलांडत." मी फोन ठेवला. लाज वाटली. लवंगीचा रागही आला, मेलेलीचा. काय शोधायला गेली होतीस बाई पलीकडे?

२२ जानेवारी

बंड्याचे टाके काढले. आज त्याला वावरात नेलं आणि धुऱ्यावर परीक्षा घेतली.

आधी पलीकडे भाकरी टाकली. बघितली, माझ्याकडे बघितलं, बसला. मग मटणाचं हाड टाकलं – लाळ गळत होती, पण उठला नाही. शेवटी मी स्वतः पलीकडे गेलो आणि दोन शिट्ट्या मारल्या. चल! बंड्या कुं-कुं करत धुऱ्यावर इकडून तिकडे पळाला, मातीवर पोट घासत झोपला, माझ्याकडे बघून भुंकला. पण आला नाही. मालक पलीकडे, शिट्टी पलीकडे, हाड पलीकडे – नाही म्हणजे नाही! शेवटी मीच अलीकडे येऊन त्याच्या गळ्यात पडलो.

हा तिचा पोरगा. तिच्याच मागे फिरून शिकलेला. मग ती कशी गेली? डुकरामागे? पाच वर्षांत किती डुकरं धुऱ्यापलीकडे पळाली, ती आपली अलीकडे उभी राहून शिव्या घालायची!

मला समजत नाही.

२५ जानेवारी

सदाशिवराव रस्त्यात दिसले. ठाण्यातून येत होते, पायी. बयानासाठी चौथ्यांदा बोलावलं म्हणे. माझ्याकडे बघून हात जोडले. मी तोंड फिरवलं.

२७ जानेवारी

आज तुरीची कापणी. बाया पुढे, मी मागे पेंढ्या उचलत. धुऱ्यापासून सातव्या तासात, म्हणजे ओळीत, पायाला काहीतरी टोचलं. जमिनीत ठोकलेली खुंटी. वीतभर. डोक्यावर उलटी बसवलेली काचेची बाटली, तिच्या गळ्याला तारेचा तुकडा गुंडाळलेला. तार लावणारे अशीच बाटली वापरतात, करंट जमिनीत उतरू नये म्हणून. आजूबाजूचं गवत करपलेलं.

आमच्या वावरात. धुऱ्याच्या आत!

मला वाटलं, सदाशिवरावांचं काम. दोन-चार शिव्याही घातल्या. मग बाटली उपसून काढली, माती पुसली.

कॅल्शियमची बाटली. चिठ्ठी अर्धी जळालेली. उरलेल्या अर्ध्यावर पेनानं लिहिलेलं – "लवंगी, सकाळ-संध्याकाळ."

अक्षर माझं.

मी तिथेच तुरीच्या धसकटात बसलो. बाया विचारत होत्या, चक्कर आली का? पाणी पाजलं. बाटली मी बंडीच्या – बैलगाडीच्या नव्हे, अंगातल्या बंडीच्या – खिशात घातली. खिसा जड. दिवसभर जड.

जागलीला कोण होतं, ते काय मला कुणाला विचारायचं आहे?

२८ जानेवारी

सकाळीच सदाशिवरावांकडे गेलो. पायरीखाली उभा राहिलो. आता माझी पाळी. बाटली काढून दाखवली. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"कुठं भेटली? सारं काढलतं त आमी."

"आम्ही म्हणजे?"

मग सांगितलं त्यांनी. उजाडताना वावरात आले तर अंकित आमच्या तुरीत बसलेला, मांडीवर लवंगी. त्यानं एकाच रातीपुरती तार लावली, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून जोडली. दोन्ही कुत्रे घरी बांधलेले, म्हणून बिनघोर. आणि ती दोर तोडून आली! राखणीची रीत विसरली नाही ती बाळंतपणातसुद्धा.

"पोरगं रडून राह्यलं होतं, भाऊ. म्हने, काकाजी, बाबाले काय सांगू? मी म्हनलो, बाबाचं सोड, केस झाली त नोकरी गेली न तुही. माह्यावर येऊ दे. मले म्हाताऱ्याले आता कोन नोकरी देते? मीच उचलून नेली तिले माह्या हरभऱ्यात."

हातभर जमिनीसाठी या माणसाला मी सहा वर्षं पाण्यात पाहिलं.

निघताना म्हणाले, "तुमची कुत्री इमानदार होती. तिनं धुरा नाई वलांडला. मी वलांडला."

घरी आलो तर पोस्टमन येऊन गेलेला. ऑर्डर! एक तारखेला हजर व्हायचं. कमला साखर वाटत होती. अंकितनं माझ्या पायाला हात लावला, वर बघितलं नाही.

त्याला काही विचारलं नाही. खूप विचार केला आणि ठरवलं – गप्प बसायचं. सदाशिवराव स्वतःच तयार आहेत, माझी तक्रार मागे घेतो, होईल तेवढं होईल. लाज वाटते. जंगूला फोन करून लवंगीला खोटं पाडलं, ते तसंच राहू द्यायचं. तिला कुठे वाचता येतं? तरी ठरवलं. एकुलता एक पोरगा आहे. बाटली पिल्लांच्या पोत्याखाली, तळाशी सरकवली. तिथे कोण बघतं!

२९ जानेवारी

पहाटेचं दूध अंकित पाजतो, हे मी विसरलो.

ओट्यावर बसला आहे. आंघोळ केलेली, पांढरा शर्ट. ऑर्डर खिशात, बाटली हातात. म्हणाला, "बाबा, काकाजीले आज परत ठाण्यात बोलावलं हाय. त्याइच्या आधी आपन पोचू. चला."

चपला सापडत नाहीत. तो थांबला आहे.