एकोडीच्या रस्त्यावर तापणारी मोटार

गुरुजी, तुमची ती काळी मोटार एकोडीच्या रस्त्यावरच का तापायची, हे तुम्हाला कळलं होतं आणि मला कळलं होतं. काकूंना मात्र तुम्ही शेवटपर्यंत कळू दिलं नाहीत. आज माझ्या गाडीतून वाफ निघाली आणि रेडिएटरच्या झाकणाला हात न लावता, गाडी निवायची वाट पाहत मी रस्त्याकडेला उभा राहिलो, तेव्हा हे सगळं आठवलं. खरं तर तुम्ही आठवायला हवेत फळ्यापुढे उभे, हातात खडू घेतलेले. आठवता ते बॉनेटमध्ये डोकं घातलेले. रागावू नका.

मी साकोलीला तुमच्याच शाळेत संस्कृत शिकवायला नवा लागलो होतो आणि तुमच्याच घरी राहत होतो. काकूंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना एसटीची पायरी चढता येत नव्हती. एकोडीला त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. म्हातारी सुनेच्या हातचा घास तोंडाशी आला की ओठ मिटून घ्यायची आणि लेकीच्या हातून मात्र वाटीभर खिचडी खायची. म्हणून दर रविवारी मोटार निघे. तुम्ही धोतर सावरून चाकामागे, मी शेजारी पाण्याची कॅन सांभाळत, आणि मागच्या सीटवर पाय लांब करून काकू.

त्या फाल्गुनात गाडी तापू लागली. भंडाऱ्यापर्यंत जाऊन आलं तरी काटा जागचा हलत नसे. एकोडी त्या मानानं हाकेच्या अंतरावर, पण परतताना काटा लाल रेघेवर. तुमच्यासारख्या नैयायिकाला, न्यायशास्त्र कोळून प्यायलेल्याला, ही पर्वणीच. बॉनेट उघडण्याआधी तुम्ही अन्वय-व्यतिरेक लावलात: जे असताना गाडी तापते आणि नसताना तापत नाही, ते कारण. भंडाऱ्याला जाताना काय नसतं? तुम्ही सावकाश मागे वळून पाहिलंत.

"माह्यावर कायले येता?" काकू म्हणाल्या. "इंजन तुमचं, चालवता तुमी, न् तापाचं कारण मी?"

"मी कुठे काही म्हणालो?"

"तुमी म्हनतच नाई काई. पाहून राहिले न माह्याकडं."

मिस्त्रीनं पट्टा ताणला, पंप पाहिला, थर्मोस्टॅट काढून पाहिला. गाडी एकोडीहून पुन्हा वाफाळत आली. मग तो हात पुसत म्हणाला, "हेडचं गॅस्केट गेलं असन, गुरुजी. इंजन खोला लागते. त्यापरीस इकून टाका. गिऱ्हाईक आहे माह्यापाशी." काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं, "एसटीत मले दोघायनं उचलून ठेवलं तं जमन का रे?" तुम्ही ते ऐकलंत. त्या दिवशी संध्या करताना तुमचं आचमन दोनदा चुकलं, आणि मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

सकाळी तुम्ही तर्क बाजूला ठेवलात आणि बाह्या वर केल्या. ऑइलची पट्टी काढून पाहिलीत. ऑइलमध्ये पाणी मिसळलं असतं तर ते दुधाळ दिसलं असतं, पण ते स्वच्छ होतं. गाडी सुरू करून रेडिएटरमधल्या पाण्यात बुडबुडे येतात का पाहिलंत. नव्हते. म्हणजे गॅस्केट शाबूत. मग रेडिएटरसमोर उकिडवे बसलात. "याच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसायला हवा," तुम्ही म्हणालात. उजेड कुठेच दिसत नव्हता. तुम्ही खराट्याची एक काडी फटीत घातलीत, आणि बाहेर आला तो बारीक, वाळका भुसा. दाबून भरल्यासारखा. लाखोळीचा, म्हणजे लाखेच्या डाळीच्या वेलांचा.

दोघांच्याही डोळ्यांपुढे तुमचे मेहुणे, काकूंचे भाऊ, उभे राहिले. एकोडीच्या तोंडाशी डांबरी रस्त्यावर लाखोळीचे वाळलेले वेल पसरलेले आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली आपोआप मळणी होते आहे, आणि तुम्ही बिचारे कडेनं गाडी काढू पाहता आहात. मेहुणे हात आडवा करतात. "जवाईबापू, बाजूनं काहून काढता? वरूनच घ्या न. आन् जरा मांगं घेऊन आनखी एक डाव." मागून काकू म्हणतात, "माह्या माहेरचं काई दिसलं का यायले बाजूनंच जावं वाटते." मग गावचा जावई, न्यायशास्त्राचा पंडित, खळ्यावरच्या बैलासारखा पुढे-मागे फिरतो आहे, भुसा उडतो आहे, आणि पंखा तो सगळा आत ओढून घेतो आहे.

म्हणजे तुमचं पहिलं अनुमान फारसं चुकलं नव्हतं; कारण काकूंच्या माहेरचंच निघालं. मला वाटलं, आता तुम्ही विजयानं आत जाणार. तुम्ही विहिरीवरून बादली आणलीत, इंजिनाच्या बाजूनं पाणी ओतत भुसा पुढे काढलात, आणि काकूंनी दारातून विचारलं तेव्हा म्हणालात, "क्षार साचले होते पाण्यातले. निघाले."

"सांगत का नाही?" मी हळूच विचारलं.

"सांगितलं तर ती भावाला बोलेल आणि पुढच्या रविवारी गाडीत बसणार नाही. कारण सापडलं की ते जाहीर करावं, असा नियम मी तरी कुठे वाचलेला नाही."

लाखोळी संपेपर्यंत दर रविवारी तुम्ही त्या वेलांवरून गाडी नेलीत, दोनदा, मेहुण्यांनी न सांगता, आणि दर सोमवारी शाळेआधी विहिरीवर रेडिएटर धुतलात. चैत्रात म्हातारी गेली. काकू जवळ होत्या, आदल्या दिवशी तिनं त्यांच्या हातून खिचडी खाल्ली होती.

तुम्ही गेल्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. तुमचा एकच पत्ता मला ठाऊक आहे, आणि त्या घरात काकू अजून आलेलं प्रत्येक पत्र शेजारच्या पोरीकडून मोठ्यानं वाचून घेतात. तेव्हा हे पत्र टपालात टाकायचा प्रश्नच नाही. शिवाय मला संशय आहे की त्यांना ते तेव्हाच कळलं होतं. विहीर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच होती. दिवाळीला जातो तेव्हा दरवेळी विचारायचं ठरवतो, आणि दरवेळी चहा पिऊन, त्यांच्या पायाचं कसं आहे एवढं विचारून परत येतो.