तळ्यापासून देवीपर्यंत

॥ श्री ॥
अमरावती,
२५ नोव्हेंबर १९६३

ती. सौ. अक्कास,
चारुशीलाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र पोचलं आणि लाडवांचा डबाही. दोन लाडू मी खाल्ले, बाकीचे तुझ्या लेकीनं. विषमज्वरातून उठलेली मुलगी एवढं खाते म्हटल्यावर तू आता काळजीला थोडी रजा द्यायला हरकत नाही.

मुद्द्याचं लिहिते. येत्या चौदा तारखेला आम्ही नववीच्या मुलींना चिखलदऱ्याला नेतो आहोत. लगेच कपाळाला हात लावू नकोस, पुढचं वाच. डोंगर चढायचा नाही, मोटार थेट वर जाते. वर सगळं पठार आहे. तळ्यापासून देवीच्या देवळापर्यंत सागाच्या झाडीतून एक पायवाट जाते, ती इतकी सोपी की आमच्या मोठ्या बाई गुडघ्याच्या दुखण्यासकट ती चालून आल्या. मुलींनी चार-चार जणींच्या टोळ्या करून जायचं, शिक्षिका बरोबर नाही. वाट त्यांनीच शोधायची, हीच तर गंमत. मी आधी एका रविवारी शाळेतल्या देवीदास शिपायाला घेऊन जाणार आणि जिथं वाट फुटते तिथं खुणा करून ठेवणार. खूण दिसली की तिकडे वळायचं, नसली तर त्या वाटेला जायचं नाही.

तारा रोज विचारते की आईचं पत्र आलं का. नाही म्हणायचं असेल तर ते तूच लिही, माझ्या तोंडून ते निघणार नाही. भावोजींचा होकार मी आधीच मागवला आहे, त्याबद्दल चार शिव्या पुढच्या पत्रात येतीलच.

तुझी शेंडेफळ बहीण,
चारू


॥ श्री ॥
अकोला,
२९ नोव्हेंबर

चि. चारुशीलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र दुपारी हातात पडलं. हे कोर्टातून आले तेव्हा भात करपला होता आणि मी चुलीपाशी तशीच बसून होते. मी माझं सगळं म्हणणं मांडलं. हे म्हणाले की हरकत नोंदवून घेतली आहे, अर्ज नामंजूर. यांना सगळ्याचं हसू येतं.

चारू, मला एकच लेकरू आहे. अख्खा श्रावण तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवण्यात गेला. डॉक्टर दारातून बाहेर पडताना माझ्याकडे बघायचे नाहीत, ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून कुणी दार जोरात लोटलं तरी छातीत धस्स होतं. तू म्हणशील अक्का भित्री आहे. आहे मी भित्री.

आधी मला वाघाची भीती होती. शेजारच्या पार्बताबाईंना बोलून दाखवली, तर त्या म्हणाल्या की बाई, वाघाचं कावून भेव धरून राहिल्या, वाघ माणसाले पाहून सोताच पयते. भेव धरा तं दरीचं. त्या समजूत घालायला आल्या होत्या. आता डोळे मिटले की मला दरी दिसते.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर त्यांच्या माहेरी, हिवरखेडला जाते आहे. तिकडे कापसाची वेचणी चालू आहे, चार माणसांत जीव रमेल. घरात बसले तर वेड लागेल. ताराला लोकरीचं पोलकं घालायला लाव.

जिवाला जप, आणि माझ्या जिवालाही,
अक्का


॥ श्री ॥
अकोला,
११ डिसेंबर

चि. चारूस,
आशीर्वाद. वि. वि. कालच परतले. पायांत गोळे आले आहेत, पण मन पुष्कळ शांत आहे. ताराला खुशाल ने. यांना माझ्या शांतपणाचं इतकं नवल वाटलं की ताप आहे का म्हणून त्यांनी माझा हात धरून पाहिला.

एकच सांगते. देवळाच्या अलीकडे झाडी एकदम संपते आणि खालून वारा अंगावर येतो, तिथं तिला उभी राहू देऊ नकोस. असं मला कुणी सांगितलं. बाकी त्या वाटेला राखण आहे म्हणतात, मला तेवढाच आधार. तरी ती घरी येईपर्यंत घास गोड लागायचा नाही.

पोचल्याचं कळव, नाहीतर मी जेवणार नाही,
अक्का


॥ श्री ॥
अकोला,
१६ डिसेंबर

चारुशीलास,
तार मिळाली. मुलगी वाट चुकली होती, सापडली, सुखरूप आहे, पत्र मागाहून. तारवाला दारात उभा होता आणि मला कागद उलगडता येईना. शेवटी त्यानंच वाचून दाखवलं. सापडली हा शब्द येईपर्यंत माझं काय झालं ते मी लिहू शकत नाही.

तुझ्या खुणांचं काय झालं? खूण दिसली की वळायचं, असं तूच लिहिलं होतंस ना? लेकरांच्या जिवाशी असला खेळ कुणी मांडतं? तुला मूल नाही म्हणून कळत नाही असं मी आजवर कुणाला म्हणू दिलं नाही. आज मीच म्हणते आहे. तुमच्या मोठ्या बाईंनाही मी लिहिलं आहे की याचा जबाब घ्या. सुटी लागली की मी ताराला घेऊन जाईन. पुन्हा अमरावतीला पाठवणार नाही.

अनसूया


॥ श्री ॥
अमरावती,
१८ डिसेंबर

ती. सौ. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस ते सगळं मी स्वतःला आधीच म्हणून घेतलं आहे.

घडलं ते असं. पहिल्या टोळ्या निघाल्या तेव्हा लख्ख ऊन होतं. देवळावरचा झेंडा झाडीतून दिसत होता, त्यामुळे खुणा बघायची कुणाला गरजच पडली नाही. ताराची टोळी शेवटची. त्या निघाल्या आणि दरीतून अवकाळी ढग वर आला. हाताचं बोट दिसेना. मी देवळापाशी वाट बघत होते. त्या आल्या नाहीत. मग मी हाका मारत सुटले, आणि दरीतून माझीच हाक परत येत होती. अक्का, तशी भीती मला जन्मात वाटली नव्हती. दिवस मावळता मावळता ढग विरळ झाला, तेव्हा देवीदासला त्या दिसल्या. चौघी हात धरून जमिनीवर बसल्या होत्या, तारा सगळ्यांत पुढे. तिच्यापुढे चार पावलांवर जमीन नव्हती.

मी खुणा शेंदराच्या केल्या होत्या. गेरू दवानं जातो, म्हणून तेलात शेंदूर कालवून दगडांना लावला. देवीदास तेव्हाच म्हणाला होता की बाई, दगडाले शेंदूर लावला का त्याचा देव होते, मंग लोकं पाया पडून राहतील. मी हसले होते. आता पाहिलं तर त्या कड्यापर्यंत दगडामागून दगड शेंदरानं माखलेले आहेत. ते मी लावले नाहीत असं मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग कुणी लावले? त्यांनी चौकशी बसवली आहे. खरं सांगू, आता मलाच माझी खात्री वाटत नाही. मी तिकडे वळले होते का? माझ्याच हातानं ते झालं का? फळ्यावर साधी बेरीज लिहिली तरी मी ती पुन्हा करून बघते.

ताराला ताप नाही, जेवते. पण बोलत नाही. सापडली तेव्हा मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं होतं, ते तिनं मला दाखवलं नाही. तुझं लेकरू तू खुशाल घेऊन जा. फक्त माझ्याशी बोलणं टाकू नकोस.

तुझीच,
चारू


॥ श्री ॥
अमरावती,
२६ डिसेंबर

ती. सौ. आईस,
ताराचा सा. न. वि. वि. तू सुटीत घ्यायला येणार होतीस, आली नाहीस. मावशीच्या पत्राला उत्तरही नाही. ती रोज पोस्टमन गल्लीतून जाईपर्यंत दारात उभी असते आणि मग काही झालं नाही असं दाखवत आत येते. मोठ्या बाई तिला म्हणाल्या की पालकांचीच तक्रार आहे, तेव्हा त्यांचाही नाइलाज आहे. तिनं राजीनामा लिहून ठेवला आहे. शाळा उघडली की देणार.

आई, मी कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. ढगात आम्ही शेंदराचे दगड बघत बघत चाललो होतो. आमच्यातली सुलू रडत होती. मी खूप घाबरले होते, पण खुणा होत्या म्हणून चालत होते. मग एका दगडापुढे नारळ दिसला आणि त्याखाली खण. हिरवा, माझ्या दसऱ्याच्या पोलक्यातून उरलेला, त्याला कडेनं तुझे टाके. मी हात लावून पाहिला. तू देवाला निघालीस की सगळ्या देवांना शेंदूर लावतेस, पण खण-नारळ ठेवतेस तो अगदी शेवटच्या देवापुढे, आणि मग आपण घरी येतो. म्हणून मला वाटलं की तू इथपर्यंत आलीस आणि परत फिरलीस, म्हणजे पुढे काही नाही. मी सगळ्यांना खाली बसवलं. ढग गेल्यावर पुढे काय आहे ते दिसलं, तेव्हापासून मला बोलावंसं वाटत नाही.

खण माझ्या ट्रंकेत आहे. मावशीला दाखवलेला नाही. तू रागावशील म्हणून नाही, तिला काय वाटेल ते मला कळत नाही म्हणून. आता तू सांगशील तसं करीन.

तुझी,
तारा


॥ श्री ॥
अकोला,
२८ डिसेंबर

चि. चारूस,
राजीनामा देऊ नकोस. तो शेंदूर माझा आहे.

हिवरखेडहून मी पार्बताबाईंना घेऊन अकोट, परतवाडा करत चिखलदऱ्याला गेले होते. तू हसशील म्हणून सांगितलं नाही. तुझे दगड मी पाहिले आणि मला वाटलं, जंगलातले देव आहेत, वाटेची राखण करताहेत. देवीसाठी नेलेला तेल-शेंदूर बरोबर होताच. ताराला सांभाळ म्हणत जिथं जिथं माझे पाय कापले, तिथं तिथं मी दगडाला लावत गेले. सगळ्यांत जास्त कापले ते त्या कड्याशी.

तुझ्या पत्रात शेंदूर हा शब्द वाचला आणि त्या क्षणी मला कळलं. तरी मी गप्प बसले. भीतीच वाटली, दुसरं काही नाही. आज ताराचं पत्र आलं. यांना सगळं सांगितलं. हे हसले नाहीत.

उद्याच्या पहिल्या मोटारीनं निघते. आधी मोठ्या बाईंच्या घरी जाईन आणि त्यांना हे सगळं सांगेन. ताराला म्हणावं, खण मावशीच्या हातात दे. मूल नाही म्हणून तुला जे लिहिलं, ते पत्र फाडून टाक. फाडलं तरी तुझ्या लक्षात राहील, हे मला माहीत आहे.

लोभ असावा, हे या वेळी कागदावर मागायचा धीर होत नाही. समोर येऊन मागेन.

अक्का