पाचर काढून विकू नये

मी, ओनुफ्री हरासिम स्टाडनिक, वय सत्तावन्न, धंदा लोहारकाम आणि शेती-अवजारांची जुळणी, शिवाय रविवारी झेलेना गावच्या चर्चमध्ये उजव्या कठड्यावरचा गायक, राहणार गावाच्या उत्तरेला, सस्कॅचेवान प्रांत, आज शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहीत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. हृदय तितकेसे नाही. ते परवा सोमवारी सस्काटूनच्या इस्पितळात उघडून पाहणार आहेत. अशा कागदावर दडपण नसल्याचे लिहायची रीत आहे. माझ्यावर दडपण आहे, ते माझ्या मुलाचे आहे, आणि या क्षणी ते समोर बसून पनीर भरलेल्या पिरोही खात आहे. तरीही खालचा मजकूर माझ्याच मर्जीचा समजावा. याआधीचे माझे एका ओळीचे मृत्युपत्र रद्द.

कलम पहिले. राहते घर, पतपेढीतली शिल्लक, गाय, कोंबड्या आणि घरातले जे जे मी 'माझे' म्हणत आलो आणि जे वस्तुतः कधीच माझे नव्हते, ते सर्व माझी पत्नी मेलानिया हिला.

कलम दुसरे. टेकाडाकडचे शेत, त्यातल्या तळ्यासह, माझा मुलगा ओरेस्त याला. तो रेजायना शहरात अवजारांच्या कंपनीत नोकरी करतो, आणि शेताची फार आठवण येते असे दर नाताळात सांगतो. दरवर्षी थंडीने वर येणारे धोंडे आता त्याने स्वतः वेचावेत, म्हणजे आठवण ताजी राहील. तळ्याच्या तळाशी लोखंडी पाचरी आहेत. त्यांचे प्रकरण पुढे येईल.

कलम तिसरे. माझी लांब शिडी धान्य-कोठाराचे व्यवस्थापक वॉल्टर हेनशॉ यांच्याकडे गेली कित्येक वर्षे आहे. ती त्यांना देऊन टाकावी असे मनात होते. परंतु ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही असा कायदा आहे. सबब शिडी परत यावी. हे वाचून दाखवले तेव्हा वॉल्टर म्हणाले, "मरता मरता सुद्धा वसुली." मी म्हणालो, अजून मेलो नाही, शिडी आजच आणली तरी चालेल.

कलम चौथे. कारखाना म्हणजे घरामागची शेड, तिच्यातली लेथ, ऐरण, घण, वेल्डिंगचे यंत्र आणि भिंतीवर खडूने काढलेली सगळी चित्रे माझी मुलगी युस्तिना हिला. चित्रे पुसू नयेत. लेथ चालू होताना कुरकुरते, तिला तेल नको असते, थोडा वेळ हवा असतो. माझेही तसेच आहे हे मेलानियाने इस्पितळात सांगावे.

कलम पाचवे, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप.

हे वाचणारे न्यायाधीश शहरातले असतील, म्हणून सांगतो. ट्रॅक्टरमागे ओढायच्या कल्टिव्हेटरच्या आडव्या चौकोनी दांडीला फण, दाताळे, जे अवजार हवे ते आवळून धरतो तो क्लॅम्प. प्रत्येक कंपनीची दांडी निराळ्या जाडीची, आणि शेतकऱ्याच्या अंगणात दहा कंपन्यांचे लोखंड. आमच्या क्लॅम्पचा जबडा मागेपुढे सरकतो आणि कुठल्याही दांडीला बसतो. सरकवण्यासाठी त्याला आडवी मूठ आहे, ती हातमोजा न काढता फिरते. इथे मार्चमध्ये उघड्या बोटांनी लोखंड धरले तर कातडी लोखंडाकडेच राहते. ही मूठ माझी. जबडा सरकवून झाला की हातोड्याच्या एका ठोक्याने पाचर ठोकायची. पाचर प्रोकिपची.

प्रोकिप सावचिन माझा कूम आहे, म्हणजे माझ्या ओरेस्तचा धर्मपिता, आणि त्याच्या थोरलीचा मी. आमच्यात हे नाते रक्ताच्या वरचे. कूम कोर्टात जात नाही, आणि कूमाने हाक मारली की कूम येतो. चर्चमध्ये तो डाव्या कठड्यावर गातो. एक ओळ मी, एक ओळ तो. गाणे सोडले तर आम्ही एकमेकांशी बोलत नाही. अपवाद उपवासांच्या आदल्या क्षमेच्या रविवाराचा. त्या दिवशी सगळे गाव एकमेकांपुढे वाकून 'क्षमा कर' म्हणते आणि 'देव करो' असे उत्तर मिळते. तेवढे आम्ही दरसाल बोलतो, आणि सोमवारपासून पुन्हा अबोला.

कारण असे. पेटंट दोघांच्या नावावर आले, आणि क्लॅम्पमधला खरा शोध मूठ की पाचर, यावर वाद झाला. त्याने शेडमध्ये येऊन करवतीने माझ्या सगळ्या मुठी कापल्या. मी त्याच्या पाचरी पोत्यात भरून तळ्यात टाकल्या. यात कोण चुकले याचा निर्णय मी या कागदात करत नाही.

आता ओरेस्तच्या कंपनीला पेटंट विकत हवे आहे, पण पाचरीवाचून. पाचरीच्या जागी जबड्याला आतून रबराचे अस्तर. दिसायला देखणे, ठोकाठोक नाही. काल ओरेस्त नमुना आणि कागद दोन्ही घेऊन आला. सही दोघांची लागते. प्रोकिपने निरोप पाठवला होता की ओनुफ्रीने केली तर मीही करीन. "त्याला माझी पाचर नकोच आहे, मग मी आडवा कशाला येऊ," असे त्याचे शब्द. म्हणजे सगळे माझ्या हातावर येऊन थांबले. आणि सोमवारी हा हात थंड पडला, तर माझा हिस्सा ज्याच्याकडे जाईल त्याच्या हातावर.

ओरेस्त वाईट मुलगा नाही. काल जेवताना तो म्हणाला, "टाटो, पाचर म्हटलं की गिऱ्हाईक आधी हातोडा शोधतं. आता कोण हातोडा घेऊन ट्रॅक्टरवर बसतं?"

"जे ट्रॅक्टरवर बसतात ते सगळे," युस्तिना म्हणाली. "तू खुर्चीवर बसतोस, म्हणून तुला दिसत नाहीत."

मग आवाज उतरवून त्याने खरे ते सांगितले. साहेबाला तो शब्द देऊन बसला आहे. सही न घेता परत गेला तर त्याची खुर्ची जाईल. आणि माझे काही बरेवाईट झालेच, तर त्या पैशात आईचे नीट निभेल. मेलानिया उठून भांडी घासू लागली. ती घासून झालेली होती.

माझी अडचण एवढीच. रस्त्यावरून नेताना कल्टिव्हेटरचे दोन्ही पंख, म्हणजे बाजूच्या दांड्या, वर दुमडतात, आणि फण माणसांच्या डोक्यावर लटकतात. वजन खाली ओढू लागले की पाचर आणखी आत रुतते. रबर काय करते ते मला ठाऊक नव्हते. ओरेस्त म्हणतो, कंपनीत महिनाभर टांगून पाहिले. कंपनीत शेगडी असते.

म्हणून काल दिवस मावळायच्या आत युस्तिनाने अंगणातल्या कल्टिव्हेटरचा एक पंख वर केला, कंपनीच्या नमुन्यात फण आवळून टोकाला लावला, आणि खाली भोवताली दोर बांधला. त्यावर ओरेस्तने दोर उचलून आपली गाडी नेमकी आत आणून लावली. इथे हिवाळ्यात गाडीचे इंजिन रात्रभर विजेच्या वायरीला जोडून उबेत ठेवावे लागते, नाहीतर सकाळी ते दगड होते. आमच्या अंगणातला विजेचा खांब तिथेच, आणि त्याची वायर तेवढीच पोचते. मी गाडी हलव म्हणालो. तो म्हणाला, "माझा माझ्या मालावर विश्वास आहे, टाटो." वायर आखूड होती हे खरे. पण लांब वायर शेडमध्ये होती, आणि ती कुठे असते हे त्याला ठाऊक होते.

आज सकाळी फण जागच्या जागी होता. ओरेस्तने खिडकीतून पाहिले आणि पिरोही पुढे ओढल्या. एक बाप म्हणून मला बरे वाटले, एक लोहार म्हणून नाही. मी हार मानायची ठरवली, विकायचे तर मुलांनी विकावे. सबब, क्लॅम्पमधला माझा अर्धा हिस्सा मी माझ्या दोन्ही मुलांना समस

(वरची ओळ खोडली आहे. मी व साक्षीदारांनी आद्याक्षरे केली आहेत. शाईचा डाग माझ्या हाताचा.)

झाले ते असे. मी लिहीत असता ओरेस्त गाडीची वायर काढायला बाहेर गेला. गाडीच्या नाकाशी वाकला. मी खिडकीतून पाहत होतो. वर फणाचे टोक किंचित वळलेले दिसले, कुणी मान वळवावी तसे. मला ओरडता आले नाही. शेडच्या दारातून युस्तिनाने त्याचे नाव घेतले. नुसते नाव, तेही मोठ्याने नाही, लहानपणी चोरून मध खाताना आई आली की घ्यायची तसे. तो सवयीने मागे सरला. फण गाडीच्या नाकावर आदळला, पुढची काच फोडून आत गेला आणि चालकाच्या आसनात उभा राहिला.

ओरेस्त हातात वायर धरून उभा होता. मेलानियाने जाऊन त्याच्या हातातून ती काढून घेतली, गुंडाळली, आणि त्याला आत आणले.

इतक्यात प्रोकिप आला. दुसरा साक्षीदार म्हणून मेलानियाने त्याला सकाळीच फोन केला होता, मला न विचारता. रस्त्यापलीकडून चालत आलेला, पायात नमद्याचे बूट, वरच्या खिशात पेन. वाटेत त्याने गाडीपाशी पडलेला क्लॅम्प उचलला होता. तो त्याने टेबलावर ठेवला, अस्तरातले रबर नखाने काढले आणि माझ्यापुढे टाकले. बशीवर चमचा आपटावा तसा आवाज झाला. थंडीने ते आकसले होते आणि हाडासारखे झाले होते.

"मेलानिया," तो म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला विचार, सही कुठे करायची."

"त्याला सांग," मी म्हणालो, "कागद अजून पुरा नाही."

मग त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक पाचर काढली. गंज नाही, तेल लावलेली. "सगळ्या तळ्यात नव्हत्या," हे तो कुणाला म्हणाला ते कळले नाही. त्याने इकडेतिकडे पाहिले. "हातोडा कुठे आहे?"

ओरेस्त उठला. शेडमध्ये जाऊन हातोडा घेऊन आला आणि आपल्या धर्मपित्याच्या हातात दिला. म्हणाला, "प्रोकिपकाका, मला दाखवा." मग ते दोघे आणि युस्तिना बाहेर गेले, आमचा जुना क्लॅम्प, करवतीतून वाचलेली माझी मूठ आणि त्याची पाचर लावून, तोच फण पुन्हा वर चढवायला. एक ठोका ऐकू आला. परत आल्यावर ओरेस्तने कंपनीचे कागद घडी करून खिशात घातले आणि सोमवारी आपणच साहेबाला फोन करू म्हणाला. त्याच्या खुर्चीचे काय होईल ते मला माहीत नाही. टेकाडाकडचे शेत आहे.

सबब कलम पाचवे नव्याने. क्लॅम्पच्या पेटंटमधला माझा अर्धा हिस्सा माझा कूम प्रोकिप सावचिन याला. अट एकच: पाचर काढून विकू नये. मूठही काढू नये, हे मी अट म्हणून लिहीत नाही. त्याला कळायला हवे. क्लॅम्प युस्तिनाच्या शेडमध्ये तयार व्हावेत. तळ्यातल्या पाचरी उन्हाळ्यात ओरेस्तने काढाव्यात. बूट माझे घ्यावेत.

कलम सहावे. इस्पितळातल्या टेबलावरून उठलो नाही तर प्रेत गावात आणावे. माझ्या वेळी दोन्ही कठडे गायचा मोह प्रोकिपने टाळावा. उपवासात त्याचा सूर उतरतो, आणि मला उत्तर देता येणार नाही.

मृत्युपत्राची व्यवस्था युस्तिनाने पाहावी. दुसऱ्या साक्षीदार म्हणून पोस्टातल्या अनास्ताझियाबाईंना ऐनवेळी बोलावले आहे. त्याचे कारण लिहून ठेवतो.

प्रोकिपने पेन उघडले तेव्हा मी कागदावर हात ठेवला. म्हणालो, तू नको.

त्याच्या मानेवरची शीर उभी राहिली. "घरी बोलावून सही नको म्हणतोस? मी काय रस्त्यावरचा आहे?" त्याने टोपी उचलली. कायद्याने मी त्याला कारण सांगू शकत होतो, पण स्वभावाने नाही. मी म्हणालो, "वॉल्टरची शिडी परत का येते, ते त्याला विचार."

त्याने वॉल्टरकडे पाहिले. वॉल्टरने घसा साफ केला आणि सांगितले, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

प्रोकिपने टोपी टेबलावर ठेवली. मग त्याने पेनाला टोपण लावले, खुर्ची ओढली, माझ्या बाजूला बसला आणि मेलानियाकडे पिरोही मागितल्या. पहिली संपवून, बशीकडे पाहत, पण मलाच म्हणाला, "सोमवारी मरू नकोस. मला तुझी बाजू गाता येत नाही."

मी 'देव करो' म्हणालो. ते उत्तर उद्याचे होते.

येणेप्रमाणे लिहून, वाचून दाखवून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

झेलेना, शनिवार, ३ मार्च १९७९, क्षमेच्या रविवारच्या आदल्या दिवशी.

ओनुफ्री हरासिम स्टाडनिक (सही)

साक्षीदार:
१. वॉल्टर हेनशॉ (सही). शिडी दुपारी आणून देतो.
२. अनास्ताझिया क्लिम (सही)

हजर, सही नाही: प्रोकिप सावचिन