शिशातला ताळेबंद

रत्नागिरी,
१४ डिसेंबर १९९९

ती. सौ. वहिनीस,
मालिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि कुळथाचं पीठ चिमामावशींच्या हातून पोचलं. डबा मात्र त्यांनी ठेवून घेतला आणि पीठ कागदात बांधून दिलं. दादाला सांगू नकोस, तो डब्यासाठी त्यांच्या घरी जाऊन बसेल.

दादाला मी फोनवर बातमी अर्धीच सांगितली, कारण पीसीओतला माणूस कान टवकारून ऐकत होता. बाकीची अर्धी अशी, की छापखान्यातलं माझं काम संपलं. बापूशेठनी दिवाळीत कॉम्प्युटर आणला तेव्हा मी त्याला कुंकू लावलं होतं, आणि आता त्यानेच मला घरी बसवलं. ज्या लग्नपत्रिकेचे शिशाचे खिळे अक्षर-अक्षर जुळवायला मला अख्खी सकाळ लागायची, ती राही नावाची एक मुलगी चहा निवायच्या आत करून टाकते. मुलगी गुणी आहे. रागावता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

बापूशेठ वाईट वागले नाहीत. तीन महिन्यांचा पगार दिला आणि देताना त्यांनाच इतकं रडू आलं, की मीच त्यांना पाणी दिलं. खिळे मात्र भंगारात गेले. माझ्या हाताने ज्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या ते सगळे ‘क’ आणि ‘म’ पोत्यात भरून वजनावर गेले. त्या दिवशी मी लवकर घरी आले.

काळजी करू नका. पुढचं ठरलं की कळवीन. स्वानंदीला पापा. तुझी माया आहेच, ती या दिवसांत जरा सढळ हाताने पाठव.

तुझी,
मालिनी

*

पोफळी,
२७ डिसेंबर १९९९

चि. मालिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून यांनी त्याची घडी घातली. मग एकदम म्हणाले की मालूला इकडे घेऊन येऊ या. नुसतं म्हणून थांबले असते तर ते तुझे दादा कसले! पॉवरहाउसमधून येताना कॉलनीतल्या सुताराला गाठून खाटेचं माप देऊन आले. रत्नागिरीच्या दोन खोल्या मामंजींच्या वेळच्या, भाडेपावती यांच्या नावावर, आणि मालकांना त्या कधीच्या परत हव्यात. यांचं म्हणणं असं, की एकट्या बाईने नोकरीशिवाय भाडं भरत कशाला राहायचं.

स्वानंदी खूश आहे. तिने आपल्या खोलीतली भिंतीकडची बाजू तुला दिली आहे आणि कपाटाचे दोन खण. तिसरा मागायचा नाही, असंही कळवायला सांगितलं आहे. दहावीची मुलगी आहे, तिसऱ्या खणात काय असतं ते मीही विचारत नाही.

घर तुझंच आहे, हे वेगळं लिहायला नको. पण तुझ्या मनात काय आहे ते मला नीट लिही. विचारल्याशिवाय सांगायचं नाही ही तुझी जुनी खोड, म्हणून आपणहून विचारते आहे.

प्रकृतीला जप. आमचा जीव तुझ्यात आहे, तेवढं ध्यानात असू दे.

तुझी वहिनी

*

रत्नागिरी,
२० फेब्रुवारी २०००

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून सांगते. मला तुमच्याकडे राहायला यायचं नाही. लिहून टाकलं.

पाहुणी म्हणून उद्या बोलावलंस तर आज निघेन. पण कायमची आले, की मी घरातली आत्या होऊन जाईन. वाल सोलणारी, गॅसवाल्याला दार उघडणारी, सगळे सिनेमाला गेले की घर राखणारी. तुम्ही कुणी तसं वागवणार नाही, मीच आपण होऊन तशी होईन, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. बाबा गेल्यापासून या दोन खोल्यांची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. ती तिथेच राहावी, एवढंच मला हवं आहे.

त्यासाठी एक उद्योग आरंभला आहे. हसू नकोस. सहकारी संस्थांचे हिशेब तपासायला सरकारची एक पदविका लागते, जी.डी.सी. अँड ए. म्हणतात तिला. बाहेरून दिलेली माझी बी.ए. तिला चालते. सहकार खात्यातून निवृत्त झालेले खानविलकरसर संध्याकाळी वर्ग घेतात. वर्गात सगळी पतपेढ्यांमधली तरुण मंडळी. पहिल्या दिवशी मी आत गेले तर दोघंजण उभे राहिले, त्यांना मी शिकवायला आले असं वाटलं.

आता माझी फजिती ऐक. परवा सरांनी एका सोसायटीचा ताळेबंद करायला दिला. डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता, अशी त्याची रीत. वर्गात सगळ्यांच्या आधी माझ्या दोन्ही बाजू जुळल्या, पैशापर्यंत. मी ऐटीत वही पुढे सरकवली. सर बघत राहिले आणि म्हणाले की बाई, बेरजा चोख आहेत, पण तुम्ही या सोसायटीचा नफा तोट्यात घातलात आणि सभासदांचं भांडवल मालमत्तेत नेऊन बसवलंत. मग त्यांनी काय केलं असेल? पान फाडून घेतलं, पाठमोरं धरलं आणि खिडकीच्या उजेडात बघितलं. तिथून सगळं अगदी जागच्या जागी होतं!

वर्ग हसला, मीही हसले. घरी येऊन मात्र विचारात पडले. दर पावसाळ्यात वार्षिक सभांच्या आधी गावातल्या किती सोसायट्यांचे ताळेबंद मी जुळवले असतील! पण ते पाहिले सगळे शिशात, कागदावर उमटायच्या आधी. शिशात सगळं उलटं असतं, वहिनी. देणी उजवीकडे आणि मालमत्ता डावीकडे. वीस वर्षं माझ्या डोळ्यांना तेच सुलटं वाटत आलं आहे. आता ते डोळे सुलटे फिरवायचे कसे, हे सरांनाही सांगता येत नाही.

परीक्षा मेमध्ये. दादाला तूच सांग, तुझ्या बोलण्याने तो कमी चिडतो. राग न धरता माया ठेव.

तुझी,
मालिनी

*

पोफळी,
१२ मार्च २०००

चि. मालिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र मी मोठ्याने वाचलं. खिडकीच्या उजेडाचा भाग आला तेव्हा हे इतके हसले, की तोंडातलं विड्याचं पान घशाशी जाऊन ठसका लागला. लहानपणी तू चपलासुद्धा उलट्या घालायचीस, असं म्हणाले. हसणं संपल्यावर मात्र गंभीर झाले आणि काही ठरवून टाकलं. ते तुला जसंच्या तसं कळवते.

यंदाची परीक्षा तू दे. पास झालीस तर खोल्या तुझ्या, भाडेपावतीचं काय ते हे मालकांशी बोलतील. नाही झालीस, तर तुळशीच्या लग्नानंतर सामान इकडे आणायचं, मग पुन्हा पुढच्या वर्षी बघू असं नाही. मालकांना यांनी तसा शब्दही देऊन टाकला आहे. मला विचारून दिलेला नाही.

मी यावर काही म्हणत नाही. दोघांच्या मध्ये बोलले की दोघांचं ऐकून घ्यावं लागतं. सोबत आमसुलं आणि मेतकूट पाठवते आहे, अभ्यासाच्या दिवसांत भात तरी दोन वेळा कर. आणि बाहेर पडताना चपला बघून घाल.

आशीर्वाद आणि चेष्टा दोन्ही तुझ्याच वाट्याची, गोड मानून घे.

तुझी वहिनी

*

रत्नागिरी,
३० मे २०००

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

सुटले एकदाची! कायद्याचे पेपर बरे गेले, पाठांतराचं मला भय नाही. सहकाराच्या पेपरात तर इतकं लिहिलं, की बोटं खिळे उचलायच्या दिवसांसारखी दुखली. हिशेबाच्या पेपरचं मात्र सांगायचं की नाही, अशा विचारात होते.

डावं-उजवं कळावं म्हणून मी एक युक्ती केली होती. घड्याळाचा हात म्हणजे देणी. घरी दोन महिने ती कधी चुकली नाही. परीक्षेत वेळ दिसावी म्हणून मी घड्याळ काढून बाकावर ठेवलं, आणि दोन्ही हात सारखेच मोकळे झाले. दोन्हीकडचे मथळे बरोबर लिहिले, डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता. त्यांच्याखाली मात्र हाताने सगळं सवयीने घातलं. बेरजा जुळल्या तेव्हा जिवात जीव आला, आणि मग मथळे वाचले.

पुन्हा लिहायला वेळ नव्हता. वर्गावर देखरेख करणाऱ्या बाई म्हणत होत्या, पेपर बांधा. काही सुचेना, तेव्हा छापखान्यात मुद्रितं तपासताना जे करायची तेच केलं. दोन शब्दांची अदलाबदल करायची असली की एकाच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून जाणारी एक नागमोडी रेघ काढतात. ती रेघ मी देणी आणि मालमत्ता या दोन मथळ्यांमधून ओढली आणि पेपर दिला.

छापखान्यातल्या कुणालाही ती खूण कळेल. पण पेपर तपासणाऱ्याला? त्याला वाटेल बाईंचं पेन घसरलं. खानविलकरसरांना सांगितलं तर त्यांनी ती रेघ मला कागदावर काढून दाखवायला लावली. मग म्हणाले की तपासणारा समंजस असला तर मथळे फिरवून वाचेल, कडक असला तर अख्खा प्रश्न गेला. आणि तो प्रश्न गेला तर पेपर गेला, हे त्यांनी सांगायला नको होतं, मला बेरीज येते.

दादाला एवढंच सांग की पेपर दिले. मी सध्या सरांच्या हाताखाली एका दूध संस्थेची किर्द लिहिते आहे. तिथे हात चुकत नाही, रोजचं काम आहे ना.

माझ्यासाठी एखादा नमस्कार जास्त कर, आणि मायेत खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
मालिनी

*

पोफळी,
२ ऑक्टोबर २०००

चि. मालूस आशीर्वाद.

निकाल अजून नाही असं कळलं. मालकांचं पत्र आलं आहे, त्यांना उत्तर हवं. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी टेम्पो सांगून ठेवला आहे. बाबांचं टेबल आणायचं, लोखंडी कपाट तिथेच द्यायचं. पुस्तकं दोरीने बांधून ठेव, पोती नकोत. मनाला लावून घेऊ नकोस, हे सगळं तुझ्या भल्यासाठीच. खाट तयार आहे.

दादा

*

रत्नागिरी,
५ नोव्हेंबर २०००

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पास!

काल खानविलकरसर स्वतः जिना चढून आले. मी पुस्तकांना दोरी बांधत होते. ते दारात नुसते धापा टाकत उभे, तेव्हा मला वाटलं नापासच. पाणी प्यायले आणि म्हणाले की बाई, ती दोरी सोडा.

हिशेबात त्रेपन्न मार्क आहेत, बाकी सगळ्यांत साठाच्या पुढे. म्हणजे त्या प्रश्नाचे काही ना काही मिळाले आहेत. तपासणाऱ्याला ती खूण कळली, की त्याने वैतागून दया केली, हे आता कधीच कळायचं नाही. मला आपलं वाटतं की तो कधी काळी स्वतःच्या हस्तलिखिताची मुद्रितं तपासलेला माणूस असावा. सर म्हणतात, असल्या कल्पना हिशेबतपासनिसाने करू नयेत.

मांडवीकडच्या एका पतसंस्थेत येत्या तेरा तारखेपासून रोज जायचं ठरलं आहे. पगार छापखान्याहून थोडा कमी, पण हळूहळू सरांबरोबर तपासणीची कामंही मिळतील. राही पेढे घेऊन आली होती. तिला मी ताळेबंद म्हणजे काय ते समजावलं, कारण आता ते तीच छापणार. तिला ते पडद्यावर पहिल्यापासून सुलटेच दिसतात. भाग्यवान पोर!

रात्री नीट झोप लागली. सकाळी जाग आली तेव्हा किती दिवस दात आवळून झोपत होते ते कळलं. आता दादाला सांगायचं काम पुन्हा तुझंच. टेम्पोवाल्याला नको म्हणताना त्याला वाईट वाटेल, आणि त्या खाटेचं काय करायचं? मी त्याच्यावर रागावलेली नाही, हे त्याला पटेल असं सांग.

तुम्हा सगळ्यांच्या जिव्हाळ्यावर हे वर्ष निभावलं, यापुढेही तो हवाच आहे.

तुझी,
मालिनी

*

पोफळी,
१३ नोव्हेंबर २०००

चि. मालिनीस खूप खूप आशीर्वाद.

यांनी मार्क दोनदा वाचले आणि हिशेबात कमीच पडले म्हणाले. मग चपला घालून बाहेर गेले ते मालकांना फोन करून आणि कॉलनीभर सांगूनच परत आले. टेम्पो रद्द झाला. खाटेवर स्वानंदीने वह्यापुस्तकं पसरली आहेत, तेव्हा तिची चिंता नको. भाडेपावती तुझ्या नावावर करायला हे पुढच्या महिन्यात येतील. त्यांच्याकडून माफी वगैरे येणार नाही, पावती हीच समज.

आता माझं. वर्षभर तू मनातलं लिहीत होतीस आणि मी मेतकूट पाठवत होते. मी काही म्हणत नाही असं लिहिलं होतं, ते आठवत असेल. म्हणण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते म्हटलं असतं तर तू माझ्यासाठी थांबली असतीस, आणि मला ते नको होतं.

आई-अप्पा गेल्यावर गुहागरचं घर आणि वाडी माझ्या भावांनी विकली, तुला माहीत आहे. तिथे आता लॉज आहे. भाऊ मुंबईला, त्यांच्या जागा लहान, भावजया नोकरीच्या. तेव्हापासून सुट्टीत मी तुझ्याकडे येते ते बाजारहाटासाठी, असं यांना वाटतं. आल्यावर मी पहिला दिवस नुसती झोपते, हे तू त्यांना कधी सांगितलं नाहीस. यांच्याशी वाजलं की मी जाते म्हणते, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुझा जिना असतो. तू खाट घेऊन इथे आली असतीस तर घरात माणूस वाढलं असतं, मला आनंदच झाला असता. पण मग मी जायचं म्हणाले असते तर कुठे? धाकट्या नणंदेच्या दोन खोल्या हे माझं माहेर झालंय, हे लोकांना सांगितलं तर हसतील.

तेव्हा तू सांगितलेला तो जास्तीचा नमस्कार मी रोज केला. त्यातला निम्मा माझ्यासाठी होता, हे देवाला माहीत होतं, आता तुलाही माहीत झालं.

येत्या गुरुवारी दुपारच्या गाडीने निघते, एकटीच. स्वयंपाकाचं हे बघून घेतील, दोन दिवस पिठलं खाऊन कुणी मरत नाही. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, कामावर जा. किल्ली खालच्या बिऱ्हाडात ठेव. नाही, खाली नको ठेवूस. तू येईपर्यंत मी जिन्यात बसेन.

तुझ्या लोभावर माझं जाणं-येणं आहे, तो राखून ठेव.

तुझी वहिनी

ता. क. दार उघडलंस की आधी, दमलीस का गो, असं विचार. आई विचारायची तसं. चहा मागाहून केलास तरी चालेल.