पिलासाठी मागितलेला चीक

राहुरी, जानेवारी १९४६. मंगळवार, दिवेलागण.

पिलू अजून वातच चोखतंय. कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून तोंडाशी धरते, ते चोखतं आणि जरा वेळानं सगळं ओकतं. आमची कुत्री परवा साप चावून गेली. बाकीची पिलं तिच्या मागोमाग गेली, हे एकच उरलं. डोळेसुद्धा उघडले नाहीत त्याचे.

सकाळी शेजारच्या भागूबाईंची गाय व्याली. बाबा असल्या पिलांना ताजा चीक पाजायचे आणि ती तग धरायची. म्हणून मी वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. कुणासाठी हवा ते खरं सांगितलं, तिथंच चुकलं का? भागूबाई दचकल्याच. "मास्तरीणबाई, देवाच्या आदी कुत्र्याच्या तोंडी? गाईचं दूध आटंल की वो!" रिकामी वाटी घेऊन परत आले. त्यांच्या घरात ती एकच गाय.

आणि आत्ता संध्याकाळी त्याच आल्या, पदराखाली झाकलेली थाळी घेऊन. मला नाही म्हटल्याचं दिवसभर त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. "देवाला निवद दावला. आता तुमी खावा. हुता न्हवता त्या समद्या चिकाचा केला बगा."

गूळ-वेलदोडा घालून वाफवलेला खरवस. घट्ट, वड्या पाडलेला. तो वातीला कसा लावू?

त्या समोर बसूनच राहिल्या. "खावा की, बाई." मागे टोपलीत पिलू कोरडी वात चोखत होतं, मला ऐकू येत होतं.

खरवस फार छान झाला होता. मी सगळा खाल्ला.